काशाक्काने पुरलेल्या नाळा

माणूस आणि माती यांचं नातं जन्मतःच जडतं, आणि पृथ्वीवरची कोणतीही सत्ता ते तोडू शकत नाही. हे वाक्य माझं नाही. बिदरच्या कचेरीतल्या आमच्या तहसीलदारसाहेबांनी ते उर्दूत, फार देखण्या अक्षरात, एका नोटिशीच्या माथ्यावर लिहिलं होतं. हे नातं ज्यांना कागदावर सिद्ध करता येणार नाही त्यांना पंधरा दिवसांत सरहद्दीपलीकडे सोडण्यात येईल, असा त्याखालचा मजकूर होता.

दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची ती वर्षं. आमचा मुलूख मोगलाईतला, म्हणजे निजामाच्या राज्यातला. पश्चिमेला दोन-तीन मुक्काम केले की इंग्रजांची हद्द लागे. ही हद्द नकाशावर ठळक होती. जमिनीवर ती मेंढरांना आणि लग्नाच्या वऱ्हाडांना कधी दिसली नव्हती. पण त्या सुमाराला सोलापूरच्या बाजूने माणसं येऊन आमच्याकडे सभा भरवतात, घोषणा देतात, अशी खबर हैदराबादला पोचली. ती खोटी नव्हती. मात्र घोषणा देणारे सापडत नसत, आणि कोणीतरी सापडणं तर गरजेचं होतं. म्हणून हुकूम निघाला की जिल्ह्यातले गैरमुल्की, म्हणजे बाहेरून आलेले, हुडकून काढावेत. इथे किती वर्षं राहिलात, याला या हुकमात किंमत नव्हती. जन्म इथला पाहिजे.

आता जन्माची नोंद ठेवायची पद्धत बिदरला लागून असलेल्या नौबादसारख्या वस्तीत कुठली असायला? साहेब अडले. मग त्यांना कोणीतरी सांगितलं की या भागात मूल जन्मलं की सुईण त्याची नाळ अंगणात पुरते. साहेबांना ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी फॉर्ममध्ये एक नवा रकाना छापून घेतला: नाळ कुठे पुरली आणि कोणी पुरली. साहेब स्वतः उत्तरेतले, लखनौच्याही पलीकडचे. त्यांना खास फर्मानाने मुल्की करून घेतलेलं होतं. त्यांची नाळ सरकारी गॅझेटात पुरलेली होती म्हणायची.

मी त्या कचेरीत मोहरीर होतो. रयत मराठीत किंवा कानडीत जे बोलेल ते उर्दूत उतरवायचं, हे माझं काम. नवा रकाना भरायला सुरुवात झाली आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या ध्यानात आलं की नौबादच्या प्रत्येक कागदावर मी एकच नाव लिहितो आहे. ते नाव काशाक्काचं.

काशाक्का पन्नाशीची, ठेंगणी, धनगराच्या घरची विधवा. आमच्या पठाराची माती तांबडी, आणि तिच्या नखांत ती कायमची बसलेली. कमरेला जुन्या धडप्यात गुंडाळलेला विळा. त्या विळ्याने ती नाळ कापी आणि त्यानेच खड्डा उकरी. मध्ये तो गरम पाण्यातून काढी, एवढाच काय तो फरक. कुणाच्याही घरात शिरली की आधी गरम पाणी मागे, आणि त्यातलं पेलाभर स्वतः पिई. बाळंतीण घाबरली असेल तर तिच्यादेखत आणखी एक पेला पिई. म्हातारी इतक्या निवांतपणे पाणी पिते आहे म्हणजे घाई काही नाही, असं त्या पोरीला वाटे. तिला मराठी येई, कानडी येई, आणि दख्खनीत भांडता येई.

माणसं ती चेहऱ्याने ओळखत नसे, जन्मताना कशी आली त्यावरून ओळखी. एका साली हुजुरांच्या, म्हणजे निजामाच्या, वाढदिवसाची मिरवणूक निघाली होती. पुढे बँड, मागे जरीच्या शेरवान्या, मंदिली, तलवारी. शहरातले झाडून सगळे प्रतिष्ठित छाती काढून चालले होते. काशाक्का माझ्या शेजारी कट्ट्यावर बसून मिश्री लावत होती. तिने एका जहागिरदारांकडे बोट केलं. म्हणाली, "ह्यो पायाकडून आला. दीड दिवस लावला. आजूनबी कुठं वेळंवर येत न्हाई." मग मंदिल घातलेल्या एका सावकाराकडे पाहून, "ह्यो आला तवा रडलाच न्हाई. उलटा धरून दोन चापट्या हाणल्या तवा बोलला." मिरवणूक संपेपर्यंत तिथला एकही माणूस माझ्या नजरेत उभा राहिला नाही. त्या दिवसापासून मला कुठल्याही समारंभात गंभीर राहणं जड जातं.

तर ही बाई कचेरीच्या व्हरांड्यात रोज येऊन बसू लागली. मी पुकारा केला की आत येई आणि अमक्याची नाळ मी अमक्या अंगणात पुरली असं शपथेवर सांगून जाई. साहेब तिच्यावर खूश होते. एकदा त्यांनी तिला आपल्या पद्धतीचं शास्त्रीय महत्त्व समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "सायबाची नाळ कुठं हाय म्हनं?" साहेबांनी बाई काय म्हणते म्हणून पाहिलं. बाई आपल्याला दीर्घायुष्य चिंतते आहे, असं मी उर्दूत सांगितलं. मोहरीराची नोकरी अशीच टिकते.

पण थोड्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं की ती ज्यांच्यासाठी शपथ घेते त्यांतले काही मी स्वतः बाहेरून येताना पाहिलेले आहेत. एक शिंपी बार्शीहून आला तेव्हा त्याला मिशा होत्या. व्हरांड्यात गाठून मी तिला हळूच विचारलं, की काशाक्का, खोटी शपथ घेताना भीती नाही का वाटत?

"खोटी कामून? पुरली न्हाई का म्या?"

मग तिने सांगितलं. जुन्या बायकांना एक सवय असते. बाळाच्या बेंबीचा वाळून पडलेला तुकडा त्या टाकत नाहीत, डबीत घालून ठेवतात; दुखण्याखुपण्यात उगाळून देतात. शिंप्याच्या आईने मरेपर्यंत ती डबी सांभाळली होती. काशाक्काने परवा त्याच्या अंगणात खड्डा उकरून तो तुकडा पुरला, वर हळदकुंकू वाहिलं आणि काल कचेरीत येऊन शपथ घेतली.

"तुमच्या कागदात कुठं पुरली त्ये इच्यारलंय," ती म्हणाली. "कोन पुरली त्ये इच्यारलंय. कवा पुरली असं इच्यारलंय का? बघ बरं."

मी आत जाऊन फॉर्म पाहिला. विचारलेलं नव्हतं.

त्यानंतर नौबादमध्ये म्हाताऱ्यांच्या पेट्या उपसल्या जाऊ लागल्या. तंबाखूच्या डब्या, करंडे, चिंध्यांच्या गाठी. ज्याच्या घरात काहीच निघालं नाही असा माणूस मला आढळला नाही. साठ वर्षांनी वाळक्या नाळेत आणि सुंठीच्या तुकड्यात फारसा फरक उरत नाही, आणि काशाक्काने तो बारकाईने पाहिल्याचंही मला आठवत नाही. पण खड्डा ती प्रत्येक वेळी हातभर खोल उकरी. वरवर उकरलेलं तिला चालत नसे. मूल काल जन्मल्यासारखी ती त्या बाप्याला समोर उभं करी आणि मिशीवाल्या शिंप्याच्या कपाळालाही तीट लावून सोडी.

संगाप्पा कोष्टी तिचा शेजारी. साठीचा, कमी बोलणारा आणि बोलला तर दुसऱ्याला कमी करणारा. त्यांचं भांडण जुनं. संगाप्पा मागावर चढवायचं सूत अंगणात ताणून त्याला खळ लावी, आणि काशाक्काच्या शेळीला ती खळ आवडे. तो तिच्या नावाने ओरडे, ती त्याच्या नावाने. संगाप्पासुद्धा लहानपणी सोलापूरच्या बाजूने आलेला. त्याच्या आईची पितळी डबी होती. काशाक्काने शेळी बांधून ठेवली, त्याच अंगणात खड्डा उकरला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी शपथ घेतली.

चूक इथे माझी झाली. उर्दू बयानाचा एक ठरलेला साचा असतो. नाळ पुरली असं सुईणीने सांगितलं, की त्याच्या पुढे 'जन्म सदर सुईणीच्या हातून झाला' असं लिहून मोकळं व्हायचं. ती असं कधी म्हणाली नव्हती. माझी लेखणीच सवयीने तिथवर जाई. त्या दिवशी व्हरांडा भरलेला होता. मी संगाप्पाचं वय साठ लिहिलं, सुईणीचं पन्नास लिहिलं, साचा पुरा केला, साहेबांनी सही केली, आणि तस्दीक, म्हणजे खातरजमा, झाल्याचा शिक्का बसला. पन्नाशीच्या बाईने साठीच्या माणसाच्या आईचं बाळंतपण केलं, हे ना मला दिसलं, ना साहेबांना, ना शिक्का मारणाऱ्याला.

पोलीस अमीन, म्हणजे फौजदार, मात्र कामाचा माणूस होता. त्याने एक साधा प्रश्न विचारला: एवढ्या लोकांची ग्वाही देणारी ही बाई मुळात कुठली?  तिचे आईबाप मेंढरं घेऊन दरसाल या हद्दीतून त्या हद्दीत हिंडणारे. लग्न होऊन ती नौबादला आली. नवरा मुल्की ठरला असता तर तीही ठरली असती; पण तो कधीच वारला होता आणि मेलेल्याला मुल्की ठरवायचं कलम नव्हतं. काशाक्काला पंधरा दिवसांची नोटीस लागली. तोवर तिने नौबादच्या शिवेबाहेर पाऊल टाकायचं नाही, फक्त सुनावणीला कचेरीत यायचं. शिवेवरच्या दगडाजवळ दिलावर नावाचा म्हातारा रोहिला शिपाई बसवला. त्याचा बापही कधीकाळी काबूलच्या वाटेने चालत आलेला.

मी तिला विचारलं, तुझी स्वतःची नाळ कुठे आहे?

"मेंढरांच्या तळावर. सकाळी तळ उठला."

"पण कुठल्या गावात?"

"आई म्हनायची, नदीच्या ह्या अंगाला. ह्या म्हंजी कंच्या, त्ये इच्यारायच्या आत ती मेली."

मी चोरट्यासारखा इकडेतिकडे पाहून सुंठीचा तुकडा सुचवला. ती पहिल्यांदाच माझ्यावर चिडली. दुसऱ्याची नाळ आपण पुरू शकतो, आपली आपल्याला पुरता येत नाही, हे तिला इतकं उघड वाटत होतं की मला समजावण्यात तिने वेळ घालवला नाही. दुसरी सुईण आणावी तर त्या पंचक्रोशीत दुसरी नव्हतीच. इतकी वर्षं तिने ती होऊ दिली नव्हती.

मग मी विचारलं, पलीकडे सोडलं तर जाशील कुठे?

तिने विळ्याची धार बोटाने पाहिली. "तिकडलं एकबी मानूस माझ्या हातचं न्हाई," ती म्हणाली. "वळख कुनाला सांगू? माझ्याशी कोन बोलंल?"

ते पंधरा दिवस विचित्र गेले. तिला शिव ओलांडता येईना, म्हणून आसपासच्या खेड्यांतल्या दिवस भरलेल्या बायकाच नौबादला येऊन राहिल्या. कोणी बहिणीकडे, कोणी शिंप्याकडे, दोघी संगाप्पाच्या ओसरीवर. तो त्यांच्यावर खेकसे आणि मागाचा खटखटाट त्रास देतो म्हणून दुपारचा माग बंद ठेवी. काशाक्का घराघरांतून फिरे आणि संध्याकाळी शिवेच्या दगडापर्यंत जाऊन परत येई. मी तिला दगडाशी उभी पाहिली आहे. दहा पावलांवर बाभळीचं झाड होतं; दातवणाला ती नेहमी त्याचीच काडी तोडी. ती त्या झाडाकडे पाहत उभी राही. दिलावर उठून काडी तोडून आणी आणि तिच्या हातात देई.

एका भर दुपारी एका खेड्यातून बैलगाडी आली. बाई अडलेली, दगडापर्यंत येता येता तिचा दम संपलेला. गाडीवानाने गाडी थांबवली ती पलीकडेच. काशाक्का अलीकडे, गाडी पलीकडे, आणि मध्ये सरकारचा दगड. दिलावरने दोघांकडे पाहिलं. मग त्याने बंदूक बाभळीला टेकवली, बैलांचा कासरा धरला आणि गाडीचं एक चाक दगडाच्या आत येईल इतकी ती ओढली. "अब देखो, काशीबाई," तो म्हणाला, आणि पाठ फिरवून उभा राहिला. मुलगी झाली. तिची नाळ काशाक्काने दगडाच्या बुडाशीच पुरली. मुलगी कुठल्या बाजूची, हे ठरवायची वेळ आपल्यावर येऊ नये म्हणून मी तो प्रसंग कुठेच लिहिला नाही.

सुनावण्यांना निम्मं नौबाद येऊन उभं राही. प्रत्येकजण काशाक्का इथलीच म्हणून सांगे. साहेब म्हणत, तुम्ही सगळे तिच्या हातचे. तिच्या जन्माचं तुम्हाला काय माहीत? त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. सगळा गाव साक्षीला तयार आणि एकाचीही साक्ष चालेना. तिच्या सालस हातांनी तिचेच साक्षीदार बाद करून ठेवले होते.

चौदाव्या दिवशी संगाप्पा आला. धोतर धुतलेलं, खांद्यावर नवं उपरणं. मी पुकारा करायच्या आतच तो साहेबांसमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, हिचा जन्म मी पाहिला आहे.  मी त्याला मराठीत हळू म्हणालो, "संगाण्णा, मागं फिर. तुझी मिसल काढायला लागंल."

"काढ की."

तो सांगत गेला. दहा वर्षांचा असताना बापाबरोबर गाडीतून तो सोलापूरकडून येत होता. वाटेत चोरांचं भय, म्हणून गाडी मेंढरांच्या सोबतीने चालली होती. मेहकरच्या शिवारात तळ पडला होता, तिथे एका धनगरणीला मुलगी झाली. मेहकर मोगलाईतलं, भालकीजवळचं. त्याबद्दल वाद नव्हता.

"तुला कशावरून आठवतं?" साहेबांनी माझ्यामार्फत विचारलं.

"लई वरडत हुती. आता वरडती तशीच."

कोपऱ्यातून काशाक्का म्हणाली, "आन तू तवाबी नुसता बघत हुबा ऱ्हायला आसशील."

"मग काय करायचं हुतं? सूत काढून ठिवलं नव्हतं तवा. असतं तर तुमच्या मेंढरांनी त्याची खळबी खाल्ली असती."

मी भाषांतर करत होतो. संगाप्पाला आपण काय करतो आहोत ते नीट कळत होतं. तो सोलापूरकडून आला हे खरं असेल तर उद्या नोटीस त्याला. साहेबांनी त्याची मिसल, म्हणजे कागदांची फाईल, मागवली. ती वाचली. पुन्हा वाचली. मग त्यांनी हिशोब केला. ओठ हलताना मला दिसले. या माणसाच्या आईचं बाळंतपण जिने केलं, तिचं जन्मणं या माणसाने पाहिलं होतं.

 साहेबांच्या मागे भिंतीवर हैदराबादहून आलेलं शाबासकीचं पत्र चौकटीत लावलेलं होतं. त्यात नाळेच्या पद्धतीची तारीफ होती, आणि ती बाकीच्या जिल्ह्यांनीही स्वीकारावी अशी सूचना होती. संगाप्पाचा कागद खोटा ठरवला तर काशाक्काच्या शपथेवरचे सगळेच कागद खोटे, आणि मग ते पत्र उतरवावं लागणार. संगाप्पाचा कागद खरा ठरवला तर समोर चाललंय ते कसं लिहायचं? चौदा दिवस काशाक्का जिथे उभी होती त्या दगडाशी आता साहेब येऊन उभे राहिले होते.

"हे अक्षर कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"माझं, हुजूर."

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तिचं भाषांतर मी कुठल्याच भाषेत करणार नाही. मग ते ताठ बसले आणि फार भारदस्त उर्दूत सांगू लागले: नौबादचा कायमचा रहिवासी संगाप्पा बालपणी वडिलांबरोबर कामानिमित्त प्रवासास गेला असता, परतीच्या वाटेवर मेहकरच्या शिवारात त्याने सदर बाईचा जन्म झालेला पाहिला. 'परतीच्या' या शब्दावर त्यांनी किंचित जोर दिला.

मी वयाच्या रकान्याशी थांबलो आणि वर पाहिलं.

"उम्र रहने दो," साहेब म्हणाले.

शिक्का बसला. काशाक्का मुल्की ठरली. बाहेर व्हरांड्यात आल्यावर ती संगाप्पाकडे न पाहता म्हणाली, की आता शेळीनं खळ खाल्ली तर बोलायचं नाही. संगाप्पा म्हणाला, "बोलनार." त्या संध्याकाळी ती शिवेच्या दगडावरून पलीकडे गेली, बाभळीची काडी स्वतःच्या हाताने तोडली आणि परत आली. दुसरं कुठे जायचं तिला नव्हतंच.

मी तिला शेवटची पाहिली ती त्यानंतर दहा वर्षांनी. हिंदुस्थानच्या फौजा आल्या होत्या, निजामाचं राज्य गेलं होतं, कचेरीवर नवं निशाण होतं. नवे साहेब दूरच्या प्रांतातले. त्यांना मराठी येत नव्हती, कानडी नाही आणि उर्दूही नाही. त्यांनाही बाहेरून आलेले हुडकायचा हुकूम होता, फक्त बाहेरचे कोण हे आता बदललं होतं. अरब, रोहिले, पठाण गोळा करून सरहद्दीपार पाठवत होते. जुने फॉर्म शिल्लक होते. वरचं 'सरकारे आली' हे निजाम सरकारचं नाव एवढंच खोडून तेच वापरात आले. दिलावरला नोटीस लागली तेव्हा तो सत्तरीला टेकला होता. जायचं कुठे, ते गाव त्याने कधी पाहिलंही नव्हतं.

काशाक्का व्हरांड्यात बसली होती. नजर अधू झालेली, पाठ वाकलेली, नखांत ताजी तांबडी माती. शेजारी दिलावर, कपाळावर तीट. तिने आत येऊन शपथ घेतली: ह्याची नाळ मी नौबादच्या शिवेच्या दगडाशी पुरली. दुभाष्याने ते इंग्रजीत सांगितलं. साहेबांनी मान हलवली. या खेपेला मी साचा लिहायच्या आधी वयांचा हिशोब करून पाहिला. दिलावर तिच्याहून आठ वर्षांनी मोठा निघाला. मी लेखणी दौतीत बुडवली आणि साचा पुरा केला. दिलावर राहिला. जाताना काशाक्काने मला विचारलं नाही की काय लिहिलंस. तिने पाणी मागितलं, गरम, आणि पेलाभर पिऊन गेली.

संगाप्पाची आणि दिलावरची, दोन्ही मिसली आजही एकाच बस्त्यात बांधलेल्या आहेत. सरकारी दप्तराप्रमाणे काशाक्का आपल्या जन्माच्या दहा वर्षं आधीपासून सुईणपण करत होती, आणि तसं दोन निरनिराळ्या सरकारांच्या शिक्क्यांनिशी नमूद आहे.